सोन्याची मशीन वाळवंटात बोलते, आपल्या वावरात बोंबलते

लाल माती, खुरटी झुडपं, टोपीवाला एक माणूस. काठीला लावलेली थाळी जमिनीवरून फिरवतो, हेडफोनमध्ये काहीतरी कुईं होतं, बुटानं चार बोटं माती सरकवतो आणि तळहातावर हरभऱ्याएवढं सोनं. असे ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ आता आपल्या गावागावांत फिरतात, आणि मागोमाग प्रश्न येतो: भाऊ, कोणती मशीन घेऊ, आपल्या वावरात चालेल का?

मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, चालेल. सोनं सापडणार नाही. आणि यात दोष मशीनचा नाही. बियाणं घेताना आपण आधी वावर कन्हार आहे की बरड ते पाहतो, मग वाण ठरवतो. इथं लोक उलटं करतात, आधी काही लाखांची मशीन घेतात आणि मग जमीन शोधत हिंडतात. म्हणून आधी जमिनीचं बोलू. ज्यांचं पोरगं किंवा भाचा ऑस्ट्रेलियात पर्थकडं नोकरीला आहे आणि सुट्टीत खरोखर वाळवंटात जायचं म्हणतो, त्यांच्या कामाचं त्यापुढं आहे.

तिथंच का सापडतं

पश्चिम ऑस्ट्रेलियाचा यिल्गार्न हा भूभाग अडीचशे कोटी वर्षांहून जुना. त्यातल्या हिरवट खडकांत गारगोटीच्या पांढऱ्या शिरा घुसल्या आहेत आणि काही शिरांत सोनं आहे. कोट्यवधी वर्षांत वरचा खडक कुजला, माती झाली, वाऱ्यानं आणि क्वचितच्या पावसानं निघून गेली. सोनं गंजत नाही आणि पाण्याच्या १९ पट जड असतं, त्यामुळं ते शिरेतून सुटलं तरी फार दूर जात नाही. शिरेच्या खालच्या उतारावर, चार-सहा इंच मातीत, पक्क्या खडकाच्या किंवा चुनखडी थराच्या पाठीवर बसून राहतं. वाहून न्यायला मोठी नदी नाही, झाकायला जाड गाळ नाही, थाळी अडकायला गवत नाही. मशीनला यापेक्षा सोयीची जमीन नाही.

१८९२ला कूलगार्डी आणि १८९३ला कालगुर्ली इथं सोनं लागलं आणि माणसांची रीघ लागली. पाणी मात्र नव्हतं. कालगुर्लीपर्यंत पाण्याचा नळ पोहोचायला १९०३ साल उजाडलं. मग माती धुवायची कशी? त्यांनी ती उपणली. एका घमेल्यातून दुसऱ्यात वाऱ्यावर माती सोडायची, हलकी उडून जाते, जड खाली पडते. खळ्यावर धान उपणणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पुढं भाते लावलेल्या चाळण्या आल्या. त्या चाळणीत मोठे खडे वरून घरंगळून ढिगावर जात, आणि खड्यांच्या गर्दीत मातीनं लडबडलेला सोन्याचा तुकडाही कधी कधी जाई. ते ढीग अजून तिथं आहेत. सव्वाशे वर्षांनी मशीनवाले तेच ढीग दाताळ्यानं पसरून पुन्हा ऐकतात, आणि नवख्यानं सुरुवात करायला ही जागा सगळ्यात चांगली.

वाळवंटानं मोठे तुकडेही दिले आहेत. मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात १९८९ला १२ किलोंच्या वर वजनाचा 'बूट ऑफ कोर्टेझ' सापडला, तोही दुकानात मिळणाऱ्या साध्या डिटेक्टरनं. म्हणजे जागा बरोबर असली तर मशीन साधी चालते. उलटं होत नाही.

आपल्याकडं काय आहे

बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळचा बहुतेक भाग आणि वर्धा ही सगळी दख्खनच्या काळ्या दगडाची जमीन. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. या दगडात सोन्याच्या शिरा नाहीत. आहे ते लोहचुंबकी खनिज, मॅग्नेटाइट. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचा चुंबक पन्नीत गुंडाळा आणि नाल्याच्या वाळूत फिरवा. चुंबकाला काळ्या बारीक कणांची दाढी फुटते. तीच दाढी सगळ्या काळ्या मातीत मिसळलेली असते, आणि डिटेक्टरला ती आधी ऐकू येते, बाकीचं नंतर.

पूर्वेकडं गोष्ट वेगळी. भंडारा-नागपूरच्या साकोली पट्ट्यात जुने खडक आहेत. नागपूर जिल्ह्यात परसोडी, मरुपार भागात सरकारी भूवैज्ञानिकांनी सोन्याचा तपास केलेला आहे. वैनगंगेच्या काठी सोनझरी लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन सोनं काढत आले, सराफ्याच्या नाल्यांतला गाळही धुतात. तेव्हा 'विदर्भात सोनं नाही' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. पण ते सोनं कसलं? खडकात टनामागं ग्रॅमच्या हिशेबाचं, आणि वाळूत पिठासारखं.

पीठ मशीनला ऐकू येत नाही. हे नीट समजून घ्या, कारण निम्मे पैसे इथंच बुडतात. थाळीतून चुंबकी लाट निघते, धातूच्या तुकड्यात गोल फिरणारा बारीक विद्युतप्रवाह उठतो आणि त्या प्रवाहाची परतलाट मशीन ऐकते. प्रवाह फिरायला तुकडा एकसंध लागतो. पाच ग्रॅमची अंगठी मशीनला फूटभरावरून ऐकू येऊ शकते. तीच अंगठी कानशीनं घासून पाच ग्रॅमचा भुसा केला आणि मातीत कालवला तर थाळी त्यावर टेकवली तरी चूं होणार नाही. सोनझरीची लाकडी डोणी जे पकडते ते पाच लाखांची मशीन पकडत नाही.

मग एकसंध म्हणजे केवढा? सोन्याची घनता धरून दाण्यांचा हिशेब केला तर तो असा बसतो: मोहरीएवढं सोनं ०.०८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाऊण गुंज. ज्वारीच्या दाण्याएवढं अर्ध्या ग्रॅमला थोडं कमी. तुरीएवढं दीड ग्रॅम. देशी हरभऱ्याएवढं तीन ग्रॅम. चांगली मशीन शांत, म्हणजे लोह कमी असलेल्या, जमिनीत मोहरीचा दाणा दोन-तीन बोटांवर ऐकते, ज्वारीचा चार इंचांवर, हरभऱ्याचा वीतभर. ढोबळ आकडे आहेत, जमीन बिघडली की अर्ध्यावर येतात. आणि तुकडा लहान असला तर खोलीबरोबर आवाज इतका झपाट्यानं घसरतो की थाळीपासून अंतर दुप्पट झालं की परतलाट ६४ पटीनं बारीक होते. त्यामुळं 'वीस फुटांवरची अंगठी दाखवते' असं विकणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मशीन दोन जातींच्या

पहिली जात व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी. ती सतत एक सूर सोडत असते आणि परतलेला सूर किती मागं सरकला यावरून लोखंड की दुसरं काही, याचा अंदाज सांगते. बारीक सोन्याला उंच फ्रिक्वेन्सी लागते, म्हणून सोन्यासाठी बनवलेल्या व्हीएलएफ मशीन नाण्यांसाठीच्या मशीनपेक्षा वरच्या सुरात चालतात. मिनलॅब कंपनीची गोल्ड मॉन्स्टर १००० ही ४५ किलोहर्ट्‌झची, फिशरची गोल्ड बग २ ही ७१ किलोहर्ट्‌झची. हलकी, स्वस्त, शांत जमिनीत उथळ बारीक तुकड्याला पक्की. लोहमिश्रित जमिनीत मात्र गोंधळते.

दुसरी जात पल्स इंडक्शन, बोलीत पीआय. ही एक जोराचा ठोका देते, गप्प बसते आणि मग ऐकते. जमिनीचा आवाज लवकर विझतो, धातूचा थोडा रेंगाळतो, त्या फरकावर तिचं सगळं चालतं. त्यामुळं ऑस्ट्रेलियाच्या लाल लोखंडी मातीत हीच राज्य करते. मिनलॅबची एसडी २००० ही १९९५ला आली आणि आधी 'संपल्या' म्हणून सोडलेल्या जागा पुन्हा सोनं द्यायला लागल्या. नंतरची जीपीएक्स ६००० ही २०२१ची. पीआयची उणीव एकच पण मोठी: लोखंड आणि सोनं यांत ती भरवशाचा भेद करत नाही. वाजलं की खणायचं. शंभर खड्ड्यांत नव्वदांवर खिळा, तार, शिसं निघालं तर काही बिघडलेलं नाही, तसंच असतं.

थाळीचंही सांगून टाकतो. मोनो म्हणजे एकच वेटोळं, तेच सोडतं आणि तेच ऐकतं. खोल जातं, बारीक पकडतं, पण जमिनीचा आवाजही जास्त घेतं. डबल-डी म्हणजे दोन डी अक्षरं पाठीला पाठ. थोडं उथळ पण शांत, विजेच्या तारांजवळ आणि खारट जमिनीत तेच बरं. ११ इंची मोनोवर शिकावं. १७ इंचीचा मोह होतो, पण ती दिवसभर फिरवली तर खांदा जातो आणि मोहरीएवढे दाणे ती सोडून देते.

घरच्या वावरात शिकण्यासारखं

सोनं नसलं तरी शिकायला आपली जमीन फार चांगली आहे, कारण ती अवघड आहे. जो काळ्या वावरात मशीन शांत ठेवू शकतो त्याला कालगुर्लीची लाल माती जड जाणार नाही.

सोन्याऐवजी शिसं घ्या. मशीनच्या कानाला लहान शिसं आणि लहान सोनं जवळपास सारखं. मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या बाजारात मिळतात. त्या हातोडीनं चपट्या करून कातरीनं तुकडे करा: एक मोहरीएवढा, एक ज्वारीएवढा, एक हरभऱ्याएवढा. उन्हाळवाही झालेल्या, घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांबच्या वावरात दोन-दोन पावलांवर खड्डे घ्या, दोन इंच, चार इंच, आठ इंच. पुरण्याआधी त्या रिकाम्या जागी थाळी फिरवून आधीच काही वाजत नाही ना ते पाहा. बाजूला काडी रोवा, नाहीतर तुमचंच शिसं तुम्हाला सापडणार नाही. ताजा भरलेला खड्डा आणि दबलेली जमीन यांत फरक पडतो, म्हणून एखाद्या पावसानंतर, माती बसल्यावर, पुन्हा ऐका.

मशीन सुरू केल्यावर पहिलं काम आजूबाजूचा विजेचा गोंगाट घालवायचं. मोबाइल बंद किंवा विमान मोडवर, आणि तोही खिशात नको, पाठीवरच्या पिशवीत. नॉइज कॅन्सल दाबून यंत्राला शांत पट्टा शोधू द्या, तोवर थाळी हलवू नका. कृषिपंपाची डीपी जवळ असेल तर हे सगळं वाया जातं, जागा बदला. दुसरा मशीनवाला असेल तर त्याला पन्नासेक पावलं लांब पाठवा.

मग ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज मशीनला ओळखायला लावून गप्प करणं. थाळी जमिनीवर टेकवायची, वीतभर उचलायची, पुन्हा टेकवायची, उखळात मुसळ पडावं तशी सरळ वर-खाली. वर नेताना आणि खाली आणताना सूर बदलत असेल तर बॅलन्स झालेला नाही. जीपीएक्स ६००० हे काम चालता चालता स्वतः करत राहते, तरी जमिनीचा रंग बदलला की तिलाही चार वेळा मुसळ मारून द्यावं. सूर स्थिर झाला की मागं एक अखंड बारीक गुणगुण ठेवा, डास कानाशी असावा एवढीच. ती गुणगुण म्हणजे तुमची खरी मशीन. खोलावरचं सोनं 'टुईं' करत नाही, ती गुणगुण किंचित वाकवतं. स्पीकरवर, वाऱ्यात, ते वाकणं ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन.

संवेदनशीलता पूर्ण वर नेऊन ठेवणं ही सगळ्यांत सार्वत्रिक चूक. मशीन किरकिर करायला लागते, तासाभरात माणूस ती किरकिर ऐकणं सोडून देतो आणि खरा आवाजही त्यातच जातो. शांत राहील एवढ्यावरच ठेवा.

वाळवंटात, पाऊल पाऊल

थाळी जमिनीला घासत न्यायची. एक इंच वर धरली तर एक इंच सोनं गेलं, एवढा सरळ हिशेब. नवखा माणूस गवत कापल्यासारखी ती फिरवतो आणि दोन्ही टोकांना उचलतो, त्या टोकांखालची जमीन तपासलीच जात नाही. डावीकडून उजवीकडं जायला तीन-चार सेकंद लागले पाहिजेत. पुढचा फेरा अर्ध्या थाळीवर चढवून घ्यायचा, कारण मोनो थाळीची खोल नजर मधोमध टोकदार होत जाते, गाडग्याच्या बुडासारखी. वखराच्या पाळीसारखे पट्टे पाडा आणि मागं साखळी ओढत न्या, म्हणजे कुठवर झालं ते मातीवर दिसतं. एक तुकडा मिळाला की तिथून उठायचं नाही. सोनं एकटं नसतं. त्या भोवतीची वीस पावलं उभी-आडवी दोन्हीकडून, थाळी आणखी मंद करून.

वाजलं, की खणायच्या आधी तीन गोष्टी. थाळी उभी आणि मग आडवी फिरवून आवाजाचा मधला बिंदू धरायचा. मग बुटानं वरची दोन बोटं माती सरकवायची आणि पुन्हा ऐकायचं. आवाज सरकला तर वरचा कचरा. आवाज तिथंच राहून धारदार झाला तर छान. आवाज जागच्या जागी राहून पसरट, मवाळ झाला किंवा थाळी थोडी उचलताच पळाला तर बहुधा खडक. मिनलॅबच्या पीआयवर लहान, उथळ तुकडा बहुधा वरून खाली येणारा सूर देतो आणि मोठा किंवा खोल तुकडा खालून वर जाणारा; पण खिळाही हेच करतो, त्यामुळं सुरावरून 'खणू नको' असं ठरवू नका.

टिकास लांब दांड्याचं घ्या आणि त्याच्या पात्याला एक जोरदार चुंबक चिकटवा. खणतानाच खिळे, तारा, काळे खडे त्याला लागतात आणि निम्मे खड्डे तिथंच मिटतात. टिकासाचा घाव बिंदूवर नाही, वीतभर बाजूला घालायचा आणि माती ओढून घ्यायची. तुकड्यावर घाव बसला तर चरा पडतो आणि नमुन्याची किंमत उतरते. प्रत्येक थरानंतर ऐका: आवाज अजून खड्ड्यात आहे की काढलेल्या मातीत?

मातीत आला की प्लास्टिकची डब्बी लागते, लोखंडी नाही. डब्बीभर माती उचला, थाळीवरून फिरवा. वाजली तर अर्धी माती हातात घ्या, उरलेली फिरवा. पुन्हा अर्धी. पाच-सहा वेळा अर्धं-अर्धं केलं की चिमूटभर उरते. ती चिमूट थाळीवरच हळूच सोडा. जो खडा पडल्यावर टुक्‌ होतं, तो तुमचा. थाळीवर काम करताना हातातलं कडं, अंगठी, बेल्टचा बक्कल, बुटातली लोखंडी टोपी हे सगळं वाजतं. बूट धातूविरहित असावेत.

खड्डा बुजवायचा. तिथं तो नियम आहे आणि गुरं चरतात त्या जमिनीत तो नसता तरी बुजवायलाच हवा.

खोटे आवाज

वाळवंटात सगळ्यांत जास्त सतावतात ते गरम दगड. नाव गरम, अंगाला गार. लोखंडी खडा ज्याचा चुंबकीपणा आजूबाजूच्या मातीहून वेगळा, तो धातूसारखा वाजतो. दगड काढून बाजूला ठेवा, खड्डा पुन्हा ऐका. खड्डा गप्प झाला तर दगड दोषी. दगड फेकून द्यायच्या आधी हातात तोलून पाहा आणि त्यात गारगोटी आहे का बघा, कारण कधी कधी सोनं त्या दगडातच असतं.

याचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे भाजलेली वीट. माती भाजली की तिच्यातलं लोह चुंबकी होतं. जुन्या गावठाणाच्या पांढरीवर मशीन नेली की चुलीचे दगड, विटांचे तुकडे, जळकी माती सगळं वाजायला लागतं, आणि गुप्तधनवाल्यांचे डोळे चमकतात. खणून खणून हाती येतं खापर.

खारी जमीन हा दुसरा चकवा. ऑस्ट्रेलियातली मिठाची तळी कोरडी असताना चालतात, पाऊस पडून गेला की ओलं मीठ वीज वाहतं आणि थाळी हलली की सूर लाटांसारखा वर-खाली होतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पावसाळ्यानंतर मशीन घेऊन उभं राहिलात तर तोच अनुभव येईल. उपाय तोच: डबल-डी थाळी, संवेदनशीलता खाली, किंवा सरळ जमीन सुकेपर्यंत घरी बसणं.

कचरा मात्र देशागणिक वेगळा. तिथं बंदुकीच्या गोळ्यांचं शिसं, जुन्या बुटांचे खिळे, डब्यांचे पत्रे. आपल्याकडं बंडीच्या धावेचे तुकडे, बैलाच्या नालाचे खिळे, रोटाव्हेटरचे बोल्ट आणि पुड्यांचा चमकी कागद. त्या चमकी कागदाचा बारीक चुरगळा व्हीएलएफवर हुबेहूब सोन्यासारखा बोलतो. पांदणीवर त्याशिवाय दुसरं काही ऐकू येणार नाही.

पाणी, ऊन, परवाना

चंद्रपूरच्या उन्हात वाढल्याचा अभिमान तिथं कामाचा नाही. आपल्याकडं दोन मैलांवर विहीर असते, तिथं दोनशे किलोमीटर काही नसतं. हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे त्यांचा हिवाळा. तरीही माणशी दिवसाला आठ-दहा लिटर पाणी आणि वर दोन दिवसांचं राखीव. दोन जादा टायर, जीपीएसवर गाडीची जागा टिपलेली, उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र, आणि परतायची वेळ कोणालातरी सांगून ठेवलेली. खाली मान घालून थाळीमागं चालणारा माणूस अर्ध्या तासात दिशा हरवतो. जुन्या खाणींच्या तोंडाजवळ जाऊ नका, कडा आतून पोखरलेल्या असतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. तो काढला म्हणजे कुठंही खणा असं नाही. कोणती जमीन कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते सरकारच्या टेंग्राफ नकाशावर दिसतं. खाणपट्टा दुसऱ्याचा असेल तर त्याची लेखी परवानगी, शोधपरवान्याची जमीन असेल तर वेगळा परवाना, आदिवासी राखीव जमिनीत स्वतंत्र परवानगी. हा नकाशा बघायला एक संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ मशीनपेक्षा महत्त्वाची.

आपल्याकडचा कायदा थोडक्यात. खनिज शोधायला १९५७चा खाण-खनिज कायदा परवान्याशिवाय मोकळीक देत नाही, सातबारा तुमचा असला तरी. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरच्या किमतीचं धन सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं; दडवलं तर हिस्साही जातो आणि शिक्षाही होते. जुनापाणी, माहूरझरी, नायकुंडकडची शिळावर्तुळं, पवनीचे स्तूप, मनसरच्या टेकड्या अशा जागी मशीन काढूच नका. तिथल्या मातीत लोहयुगातलं लोखंड आहे म्हणून ती वाजणारच, आणि एका खड्ड्यानं उत्खननाचा थर कायमचा मोडतो. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली ती थर न मोडता खणलं म्हणून.

आणि मांत्रिक घेऊन रात्री खणणाऱ्यांसाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यांच्या हातात अलीकडं मंत्राऐवजी अँटेनावाली दांडी दिसते: बॅटरी नाही, थाळी नाही, 'अमुक मीटरवर सोनं' म्हणून स्वतः वळते. ती वळते कारण मनगट वळतं. ब्रिटनमध्ये अशाच दांड्या बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्याला २०१३ला दहा वर्षांची शिक्षा झाली; मूळ वस्तू गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं होती. खऱ्या डिटेक्टरची परीक्षा सोपी आहे. दहा प्लास्टिकच्या वाट्या उलट्या मांडा, एकीखाली अंगठी, आणि वाट्या मांडणारा माणूस मशीनवाल्याला दिसणार नाही असा बसवा. दहा वेळा करा. दांडीवाला दुसऱ्या फेरीतच 'इथं शक्ती आड येते' म्हणेल.

गारगोटीत अडकलेलं सोनं मोजणं

तुकडा कधी कधी निव्वळ सोन्याचा नसतो, पांढऱ्या गारगोटीत पिवळी रेघ असते. आत किती, हे न फोडता काढता येतं. सराफाकडचा ग्रॅमचा काटा लागतो. तुकडा आधी स्वच्छ धुऊन वाळवा आणि कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्यानं अर्धी भरलेली वाटी ठेवून काटा शून्य करा, तुकडा शिवणाच्या दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडेल पण बुडाला टेकणार नाही असा सोडा. काटा दाखवेल ते तुकड्यानं सारलेलं पाणी. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे आधी काडीनं झटका, नाहीतर आकडा चुकतो.

आता कोरड्या वजनाला १.१६नं गुणा, सारलेल्या पाण्याला ३.०७नं गुणा, पहिल्यातून दुसरं वजा करा. समजा तुकडा ५० ग्रॅम आणि सारलेलं पाणी १४ ग्रॅम. ५८ वजा ४३, म्हणजे १५ ग्रॅम सोनं, बाकी ३५ ग्रॅम गारगोटी. लोखंडी दगड मिसळलेला असेल तर हा हिशेब सोनं फुगवून दाखवतो, तो फक्त पांढऱ्या गारगोटीपुरता धरा. आणि १५ ग्रॅम निघाले म्हणून लगेच हातोडी घेऊ नका. रेघ सुंदर असेल तर संग्राहक तो दगड आतल्या सोन्याच्या भावापेक्षा जास्त देऊन तसाच नेतात. फोडल्यावर उरतं ते सराफाच्या भावाचं.